वाचणाऱ्याला मत नाही

"बॅग कुठं ठेवू?" दादानं विचारलं.

"मशिनीखाली सरकवा न भाऊ. उन्हाळ्याशिवाय चालू नाही होत ते," धीरज म्हणाला आणि त्यानंच पायानं बॅग आत ढकलली. "एवढीशीच? हलकी आहे हो."

"कपडे तर तेच लागतात न. कुठंही गेलं तरी."

रविवारची सकाळ होती. अमरावतीत धीरजच्या वडिलांची रसवंती आहे. उन्हाळा सोडला तर बाकी वर्षभर ती आमचीच. अर्धं शटर वर करायचं, वाकून आत शिरायचं. आत उसाचं मशीन, त्याच्या मोठ्या चाकाला बांधलेले घुंगरू, दोन टेबलं आणि लोखंडी बाकं. दादा बाकावर बसला तर त्याचे गुडघे टेबलाला टेकले. सहा फूट तीन इंच माणूस. त्यानं पाय बाहेर काढून तिरपे केले आणि उजवा सरळ करून ठेवला.

"मग भाऊ, कोणती गाडी?" राजिकनं विचारलं.

"पाहू."

या 'पाहू'नं आमच्या घराचं डोकं खाल्लं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सुमेध तायडे. नागपूरच्या गोंडवाना बायसन टीमचा गार्ड. बास्केटबॉलची प्रोफेशनल लीग, टीव्हीवर मॅच दिसायच्या, बनियनवर मागं आमचं आडनाव. टीमनं अजून एका सीझनसाठी त्याचं नाव यादीत ठेवलं होतं. शिबिर सोमवारपासून नागपूरला. आणि क्रीडा कोट्यातून लागलेली नोकरी, यवतमाळच्या एका सरकारी ऑफिसात, तिथं हजर व्हायची शेवटची तारीखही सोमवारच. नाही गेला तर वेटिंगवरचा माणूस बसणार. बाबांनी दोन शर्ट इस्त्री करून ठेवले होते आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. आई म्हणायची, "तुला पटन ते कर." हे ती अशा आवाजात म्हणायची की काही पटूच नये.

मला वाटायचं त्यानं नागपूरला जावं. लहानपणापासून तो शॉट मारायचा आणि मी बॉल आणून द्यायचो. मला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं.

त्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडणार होतो. रस्त्यात तो म्हणाला, "तुमची ती बोली आज आहे न? कोणती टीम?"

"तुझीच."

"चाल मग. पाहू तुम्ही काय करता ते."

मी गाडी वळवली.

आमची बोली म्हणजे फँटसी लीग. खऱ्या लीगचे खेळाडू, एका बैठकीला एक टीम असे, वाटून घ्यायचे आणि ज्याची त्याची एक कागदी टीम बनवायची. तुमच्या खेळाडूनं खऱ्या मॅचमध्ये पॉइंट केले, रिबाउंड घेतले, असिस्ट दिले, की ते तुमच्या खात्यात. सीझन संपल्यावर जो शेवटचा, त्यानं वर्षभर सगळ्यांना गिला वडा खाऊ घालायचा. बस एवढंच. पण भांडणं व्हायची ती खरी.

तीन मालक होते. धीरज काळमेघ, राजिक आणि बोबडे. राजिकचं मोबाइलचं दुकान, मी तिथंच रिपेअरिंग करायचो. माझी टीम नव्हती. मी वाचायचो.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी नाव पाहून खेळाडू घेतले होते. आवडता, गावचा, ओळखीचा. माझ्यासमोर दादाबद्दल वाईट बोलायची तर कोणाची हिंमतच नाही झाली. राजिकनं त्याला सगळ्यात आधी घेतलं आणि वर्षभर गिला वडे खाऊ घातले. मग धीरज म्हणाला, नावं झाका. तेव्हापासून आमच्याकडं बोली झाकून होते. खेळाडूंना नंबर द्यायचे, स्टीलच्या ग्लासात चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल तो वाचायचा. आकडे सांगायचे, पण पोझिशन नाही, उंची नाही, वय नाही. आणि शेवटी एक डोळ्यांची गोष्ट. म्हणजे जी आकड्यात दिसत नाही, मॅच पाहणाऱ्यालाच दिसते, अशी एक. ती खरीच सांगायची. हा नियम माझा. मी सगळ्या मॅच पाहायचो, इंग्रजी व्हिडिओ पाहून पाहून आकडे लावायला शिकलो होतो, थोडा शहाणपणा होताच अंगात.

मग तिघांनी पाळीपाळीनं बोलायचं. घेतो किंवा सोडतो. तिघांनीही सोडला तर तो बाकावर, आणि बाकावर गेलेला परत निघत नाही. वाचणाऱ्याला मत नाही. कारण त्याला नावं माहीत असतात.

बोबडेच्या घरी पाहुणे आले होते. तो येणार नव्हता.

"भाऊ बसतीन न त्याच्या जागी," धीरज म्हणाला.

"अबे ते तर आकडे ऐकूनच ओळखतीन," राजिक म्हणाला. "त्यांचीच टीम हाये."

"मग शेवटी बोलतीन. आपलं झाल्यावर. आपल्याला काय फरक पडते?"

"चालते," दादा म्हणाला. "तोंडावर काही दाखवणार नाही."

मी धीरजला बाजूला घेतलं. म्हटलं, "एक नंबर काढून टाकू का? दादाचा. त्याचं अजून ठरलं नाही. तो खेळतच नसला तर?"

"टीमच्या यादीत नाव आहे का?"

"आहे."

"मग आहे. उद्या तू म्हणशीन तो पंजाबचा सर्दीनं आजारी आहे, त्यालाही काढ."

मी परत जागेवर येऊन बसलो. बारा चिठ्ठ्या. वाटलं शेवटी निघेल, तोवर याच्या गाडीची वेळ होईल.

पहिली चिठ्ठी टीमच्या उंच सेंटरची निघाली. मी आकडे वाचेपर्यंत राजिक "घेतो" म्हणून मोकळा. दादा हसला. "डोळ्यांची गोष्ट तर ऐक."

"सांग बे पश्या."

"फ्री थ्रो मारायच्या आधी डोळे मिटतो."

"मिटू दे. पॉइंट येतात न."

दुसरी निघाली ती एका नव्या पोराची. मॅचमागं सात मिनिटं, तीन पॉइंट. राजिक म्हणाला, "हा कोण? चहा देणारा?" त्यानं सोडला. धीरजनंही सोडला. मी डोळ्यांची गोष्ट सांगितली होती की हा बेंचवर बसूनही प्रत्येक प्ले तोंडातल्या तोंडात बोलतो. त्याचं कोणाला काही नव्हतं.

दादा म्हणाला, "घेतो."

"काऊन भाऊ? पॉइंट तर नाही याचे."

"येत्या सीझनला याला मिनिटं मिळतीन."

"कोणाची?"

"कोणाची तरी. मिनिटं काही नवीन येत नसतात. मॅचमध्ये चाळीसच असतात."

राजिक हसला. मी नाही हसलो. तो पोरगा दादाच्याच जागेवर खेळायचा. मी दादाकडं पाहिलं तर तो चाकाला बांधलेला एक घुंगरू बोटानं हलवून पाहत होता.

तिसरा धीरजनं घेतला.

चौथी चिठ्ठी राजिकनं काढली, उघडली, टेबलावर ठेवली. "नऊ नंबर."

नऊ नंबर दादा होता.

मी मोबाइल हातात घेतला. आकडे मला पाठ होते, तरी घेतला. मान वर केली तर दादा माझ्याकडंच पाहत होता. त्याला अजून माहीत नव्हतं नऊ कोण. पण माझं तोंड वाचायला तो लहानपणापासून शिकलेला. मी पहिला आकडा बोलायच्या आधीच त्याला कळलं, हे मला कळलं.

"वाच न बे," धीरज म्हणाला.

"मिनिटं चौदा. पॉइंट पाच. असिस्ट चार."

"मागच्या वर्षी?"

"मिनिटं एकवीस."

"त्याच्या मागच्या?"

"अठ्ठावीस."

राजिकनं शिट्टी वाजवली. "उतरून राहिली गाडी. पुढच्या वर्षी सात, मग हा टॉवेल घेऊन येईन. कोचच्या सासरचा हाये काय बे हा? ठेवला काऊन याला?"

"असिस्ट पाह्य," धीरज म्हणाला. "चौदा मिनिटात चार. म्हणजे याच्या पासवर चार वेळा दुसऱ्यानं बास्केट मारली. हे काही वाईट नाही."

"मी सोडतो," राजिक म्हणाला. "मला म्हातारे सांभाळायचे नाहीत. घरी अब्बा हायेत."

दादा खाली पाहून हसला. खरंच हसला. मला तोंड कुठं लपवावं कळेना.

धीरज विचार करत होता. धीरज हिशोबी माणूस, पण असिस्टवर त्याचा जीव. त्यानं टेबलावर बोट वाजवलं. "मी घेईन म्हणतो. डोळ्यांची सांग."

मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, आता चांगलं सांगायचं. आणि चांगलं खोटं नव्हतं. "याचा पास दिसत नाही. हा पाहते एकीकडं, बॉल जाते दुसरीकडं. ज्याला मिळाला त्यालाही नंतर कळते."

"वा. मग तर मी—"

"ही मागच्या वर्षीची आहे," दादा म्हणाला.

आम्ही तिघंही त्याच्याकडं पाहायला लागलो.

"तोंडावर काही दाखवणार नव्हते न तुम्ही," धीरज म्हणाला.

"कोण आहे ते मी सांगितलं नाही. पण हा मागच्या वर्षीची सांगून राहिला. यंदाची सांग, प्रशिक."

घरात तो मला पश्याच म्हणायचा. प्रशिक म्हटलं की समजायचं, चेष्टा संपली.

"यंदाची आठवत नाही," मी म्हणालो.

"आठवते तुला. सगळ्या मॅच पाहिल्या तू."

राजिक म्हणाला, "अबे सांग न. सरकारी गुपित हाये काय?"

मी दादाकडं पाहिलं. वाटलं तो डोळ्यांनी तरी काही सांगेल. जाऊ दे म्हणेल. तो नुसता पाहत राहिला, शॉट मारायच्या आधी रिंगकडं पाहतो तसा.

मी सांगितलं. "टाइमआउट संपला की बेंचवरून हा सगळ्यात शेवटी उठतो. आधी सगळ्यात पहिले उठायचा."

धीरजचं बोट थांबलं.

"गुडघा?" त्यानं विचारलं.

त्याचं उत्तर द्यायचं नसतंच, एकच गोष्ट सांगायची असते.

"गुडघाच," तो स्वतःशीच म्हणाला. "नाही बाप्पा. सोडतो. माणूस चांगला वाटते, पण सोडतो."

आता दादाची पाळी.

त्यानं चाकाला हात लावला आणि हळूच थोडं फिरवलं. घुंगरू वाजले. रिकामं मशीन, आत ऊस नाही, तर तो आवाज फार मोठा वाटला. मी मनात म्हणत होतो, घेतो म्हण. तुझंच मत आहे, कोण अडवते? घेतो म्हण आणि चाल, मी तुला नागपूरच्या गाडीत बसवतो. मी तोंड उघडलं असतं तर खेळ तिथंच संपला असता, नाव उघडं पडलं असतं, आणि मग राजिक, धीरज दोघंही घेतो घेतो करत उठले असते. त्याला ते नको होतं, हे मला दिसत होतं. मला नुसतं पाहत बसणं भाग होतं.

"सोडतो," दादा म्हणाला.

"बाकावर," राजिक म्हणाला आणि चिठ्ठी बाजूला सरकवली. "पुढचा."

पुढचे आठ मी कसे वाचले मला माहीत नाही. आवाज येत होता माझा. दादा मध्ये मध्ये बोलत होता, जोक मारत होता. एकाबद्दल म्हणाला की हा बसमध्ये इतका घोरतो की ड्रायव्हरनं एकदा इंजिन तपासलं. राजिक हसून हसून बाकावर आडवा झाला.

बोली संपली की नावं उघडायची. धीरजनं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला. राजिकच्या खात्यात कोण, त्याच्या खात्यात कोण, बोबडेच्या खात्यात कोण. मग म्हणाला, "आणि बाकावर नऊ नंबर," आणि माझ्याकडं पाहिलं.

"कोण बे?" राजिकनं विचारलं.

धीरजनं मोबाइल त्याच्यापुढं धरला.

राजिक गोरा आहे. त्याचे कान आधी लाल झाले. "भाऊ. मला काय माहीत. मी तर... पश्या, तू सांगायचं न बे."

"त्यानं काऊन सांगायचं? झाकलेली बोली आहे," दादा म्हणाला. "आणि तू बरोबर बोलला. फक्त कोचचं सासर नाही. त्याचं लग्नच नाही झालं."

"मी घेतो भाऊ. परत लावा. मी घेतो."

"बाकावरचा परत निघत नाही. तुमचाच नियम आहे न."

"नियम गेला चुलीत."

"राहू दे, राजिक." दादानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग वाकून मशिनीखालची बॅग ओढली. उठताना त्यानं टेबलाचा आधार घेतला. आता आम्ही तिघंही ते पाहत होतो आणि त्याला माहीत होतं आम्ही पाहून राहिलो.

तो गाडीवर मागं बसला. सिग्नलला मी मान वळवून म्हटलं, "दादा, फँटसी आहे ते. त्यात बचाव मोजत नाही, टीम कशी चालवतो ते मोजत नाही. नुसते पॉइंट."

"हो न."

"कोचनं नाव ठेवलं आहे. त्यानं काही पाहूनच ठेवलं असन."

"हिरवा झाला. चाल."

स्टँडवर दोन्ही गाड्या लागल्या होत्या. नागपूर इकडं, यवतमाळ तिकडं. मधल्या जागेत एक बाई पेरू विकत होती. दादानं दोन पेरू घेतले, एक मला दिला. आम्ही उभ्यानं खाल्ले.

"तुला मत असतं तर?" त्यानं विचारलं.

"काय?"

"नऊ नंबर. तू काय म्हटलं असतं?"

"घेतला असता," मी म्हणालो. एक क्षणही नाही लागला.

"आकडे माहीत असून?"

"हो."

"टाइमआउटची गोष्ट माहीत असून?"

"घेतला असता, दादा."

त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी बॉल पटकन आणून दिला की मारायचा तशी.

"म्हणूनच वाचणाऱ्याला मत नसते," तो म्हणाला आणि यवतमाळच्या गाडीत चढला.

खिडकीतून त्यानं हात केला. मी पेरू धरलेला हात वर केला. गाडी वळून गेली.

घरी आलो. बाबांना म्हटलं, यवतमाळ. ते हं म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. पान मात्र उलटलं नाही बराच वेळ.

मी आत गेलो तर पलंगाखाली दादाचे बूट दिसले. त्याचं माप मोठं, ते बूट बॅगेत कधी मावायचेच नाहीत. कुठंही जायचं असलं की तो नाड्यांची गाठ मारून ते बॅगेच्या पट्ट्याला लटकवायचा. मी सकाळपासून ती बॅग पाहत होतो. गाडीवर, रसवंतीत, स्टँडवर. बूट नाहीत हे मला दिसलंच नव्हतं. डोळ्यांची गोष्ट सांगणारा मी.

धुतलेले होते. आत पेपरचे बोळे भरलेले.

"हे कधी धुतले?" मी आईला विचारलं.

"काल दुपारी. त्यानंच धुतले. मी म्हटलं दे मी धुते, तर नाही म्हणाला."

म्हणजे घरून निघतानाच ठरलं होतं. मी वाचलं काय आणि न वाचलं काय, मला वाटलं, काही फरक पडला नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं. पुष्कळ दिवस मी तेच धरून बसलो.

मग दोनएक वर्षांनी मी यवतमाळला गेलो. दादाला क्वार्टर मिळालं होतं, लग्न झालं होतं. सकाळी तो गल्लीतल्या पोरांना खेळवायचा, स्वतः खुर्चीवर बसून. संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. वहिनी आत भाजी फोडणीला टाकत होती. मी सहजच म्हटलं, "दादा, तू बूट घरीच ठेवले होते त्या दिवशी. तुझं तर ठरलेलंच होतं. मग बोलीला काऊन बसला?"

तो थोडा वेळ गुडघा चोळत राहिला.

"कोणी घेतो म्हणते का, पाहायचं होतं," तो म्हणाला.

"राजिक म्हणत होता की."

"नाव पाहून म्हणत होता. नाव पाहून तर आईपण घेते. बिननावाचा कोणी घेते का ते पाहायचं होतं."

"आणि घेतला असता तर? धीरज घेणारच होता. तूच बोलला मध्ये."

"मागच्या वर्षीच्या माणसाला घेत होता तो."

"पण यंदाचं ऐकूनही घेतला असता तर?"

"तर काय," दादा म्हणाला. "तुला म्हटलं असतं गाडी घरी घे, बूट राहिले. नागपूरची गाडी तर अर्ध्या अर्ध्या तासाला असते."

आतून वहिनीनं हाक मारली, जेवायला या म्हणून. मी लगेच उठलो. तो खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून माझ्या मागून उठला, आणि मी त्याच्यासाठी थांबलो आहे हे दिसू नये म्हणून चपला शोधत राहिलो.